रस्ता शेजारून जातो, गावात काय उतरतं? ठाणे जिल्ह्यातले प्रकल्प आणि गरिबी

खाडीपल्याड (धागाकर्ता)

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू, जून २०२५ मध्ये मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. पावणेदोन वर्षांत आपल्या पट्ट्यात इतकं उभं राहिलं, की 'आता या भागाचा कायापालट होणार' हे वाक्य कुठल्याही चर्चेत ठरलेलं. भागाचा होईलही. पण त्या भागात शहापूरचा कातकरी पाडा आहे आणि भिवंडीचा गोदाममालकही आहे, आणि दोघांची सरासरी काढून तिला 'भाग' म्हणायची आपली रीत आहे.

माझा मुद्दा एवढाच: प्रकल्प गावापासून किती जवळून जातो हे बघू नका. त्यावर चढायची-उतरायची जागा कुठे आहे ते बघा.

उदाहरण समोरच आहे. जुना मुंबई–आग्रा रस्ता उघडा. कडेला टपरी टाकता येते, पंक्चरवाला बसतो, एसटीला हात करता येतो, शेतातली काकडी पाटीत घेऊन बसता येतं. समृद्धीला दोन्ही अंगांना कुंपण. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव. ठाणे जिल्ह्यात चढ-उतार खुटघर, आमणे अशा मोजक्याच ठिकाणी. मधल्या गावांच्या वाट्याला येतो तो भराव आणि त्याच्या पोटातला भुयारी मार्ग. वेगवान रस्ता असाच बांधावा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्या गावांच्या नावापुढे 'लाभार्थी' लिहू नका.

भरावाबद्दल थोडं सविस्तर, कारण हे बातम्यांत येत नाही. भातखाचरांचं पाणी एका नाल्यातून वाहत नाही. वरच्या खाचराचा बांध फोडला की खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं सांडत-मुरत जातं. मोऱ्या ठरतात त्या नकाशावर दिसणाऱ्या ओढ्यांवरून, आणि खाचरांतला हा प्रवास नकाशावर नसतो. भराव मध्ये आला की वरच्या अंगाची खाचरं तुंबतात, खालच्या अंगाची लावणी पाण्यावाचून अडते. मोरीचा तळ नाल्याच्या तळापेक्षा वीतभर वर बसला तरी हाच प्रकार. ज्याचं शेत संपादनात गेलं त्याला मोबदला मिळतो. ज्याचं शेत भरावाच्या शेजारी उरलं त्याचं पीक जातं, आणि तो कुठल्याच यादीत नसतो.

आणखी एक हिशेब कुणी मांडत नाही. गोदाम उभं राहिलं तर ग्रामपंचायतीला त्याची घरपट्टी मिळते. महामार्गावर घरपट्टी नाही. ज्या गावातून नुसता रस्ता गेला त्या पंचायतीचं उत्पन्न दमडीनं वाढत नाही, उलट तेवढी शेती कमी होते.

बाकीच्यांनी आपापल्या विषयातलं लिहावं. भूसंपादन, पाणी, गोदामं, साडेबारा टक्के, सगळं चालेल.

ओव्हरटेक

म्हणजे रस्ता नको का? सुवर्ण चतुर्भुजाचा, म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या महामार्गाचा, अभ्यास झालाय. रस्त्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत कारखानदारी स्पष्ट वाढली. हा आकडा धाग्यात असायला हवा होता.

आकडेमोड

@ओव्हरटेक, अभ्यास बरोबर आहे, पण त्याचं उरलेलं अर्धं वाक्यही लिहा. १० ते ५० किलोमीटरच्या पट्ट्यात तशी वाढ दिसली नाही. म्हणजे तो धागाकर्त्याच्याच बाजूची साक्ष देतो.

अजून दोन. चीनच्या महामार्ग जाळ्यावर बेंजामिन फेबर यांचं काम २०१४ मध्ये आलं. मोठ्या शहरांना जोडताना जे लहान परगणे वाटेत आले म्हणून जोडले गेले, त्यांची औद्योगिक वाढ न जोडलेल्यांपेक्षा मंदावली. कारण सोपं आहे. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. शहरातला स्वस्त माल गावात पोचतो आणि गावातला लहान कारखाना बसतो.

दुसरं आपल्याच पंतप्रधान ग्रामसडक योजनेवरचं, आशर आणि नोवोसाद यांचं, २०२० मधलं. पक्का रस्ता आल्यावर चारेक वर्षांत लोक शेतमजुरी सोडून बाहेरच्या कामाला जाऊ लागले, हे ठळक दिसलं. पण गावातलं शेतीउत्पन्न, घरातल्या वस्तू, खर्च यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रस्त्यानं माणूस बाहेर पडला, पैसा आत आला नाही. निदान तेवढ्या काळात तरी.

आता गरिबी मोजतात कशी, ते. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक १२ बाबी बघतो. पोषणाला १/६, बालमृत्यू आणि मातेचं आरोग्य यांना १/१२ प्रत्येकी, शाळेची वर्षं आणि शाळेतली हजेरी यांना १/६ प्रत्येकी. उरलेल्या सात बाबी म्हणजे जळण, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं. यांना १/२१ प्रत्येकी. बेरीज ३३ टक्क्यांच्या वर गेली की कुटुंब गरीब.

गंमत इथे आहे. सातही बाबींत घर कोरडं असेल तर ७/२१, म्हणजे ३३.३ टक्के. गरीब. त्याच घरात विजेचं मीटर बसलं की ६/२१, २८.६ टक्के. गरीब नाही! मिळकत तीच, चूल तीच, मीटरमागचा दिवा एकच. 'वस्तू' या बाबीत तर मोबाइल आणि सायकल एवढ्या दोन गोष्टी असल्या तरी ते घर त्या रकान्यातून सुटतं. महाराष्ट्राचं प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणातल्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ७.८ वर आलं, त्यात खरी सुधारणा भरपूर आहे. पण त्यातली किती मजुरी वाढल्यामुळे आणि किती खांब, टाकी, खातं यांमुळे, हे एका आकड्यातून कळत नाही. आणि या बारांत रस्ता कुठेच नाही, हेही ध्यानात घ्या.

टाकी_कोरडी

शहापूरचं नाव निघालंय तर पाण्याचं आधी. तानसा (१८९२) आणि भातसा शहापुरात, मोडकसागर (१९५७) आणि मध्य वैतरणा (२०१४) त्याला लागून. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पुरवलं जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. ठाणे शहरही भातसावर. आणि मार्च उजाडला की शहापुरातल्या पाड्यांवर टँकर सुरू.

'धरण उशाला, कोरड घशाला' म्हणून सगळे थांबतात. कोरड का पडते ते बघू. धरणाचं पाणी दरीत, पाडे माळावर, शंभर-दोनशे फूट उंच. खडक काळा बेसॉल्ट. विहिरीला झरा लागतो तो वरच्या मुरमाच्या थरात, आणि तो थर फेब्रुवारीत सुकतो. गुरुत्वानं पाणी शहराकडे जातं, पाड्याकडे मात्र चढवावं लागतं. सगळी अडचण त्या चढवण्यात.

एका पाड्याचा हिशेब करू. ४०० माणसं, जलजीवनच्या निकषानं माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला २२,००० लिटर. चढ ६० मीटर धरा, चार तास पंप. ताशी साडेपाच हजार लिटर. पाण्याला लागणारी निव्वळ ताकद ०.९ किलोवॅट. पंप-मोटार मिळून कार्यक्षमता निम्मी धरली तर १.८ किलोवॅट, म्हणजे तीन अश्वशक्तीची मोटार. रोज सव्वासात युनिट, महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. हा खर्च डोंगराएवढा नाही. पण पाण्याचं वीजबिल सगळ्या पाड्यांचं मिळून पंचायतीच्या नावावर येतं, पाणीपट्टी वसूल होते डिसेंबर-जानेवारीत जेव्हा भाताचे पैसे हातात असतात, आणि पंप सगळ्यात जास्त चालतो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो. थकबाकी साचते, जोडणी तुटते. टाकी आहे, नळ आहेत, नोंदवहीत 'घरोघरी नळ' अशी नोंद आहे, आणि हंडे ओढ्यावर.

दुसरं बिघडतं ते उगमाजवळ. बांधकामाला निधी मिळतो म्हणून टाकी आधी उभी राहते. उगमविहिरीची क्षमता-चाचणी पावसाळ्यानंतर लगेच उरकतात, कारण तेव्हा ती 'पास' होते. चाचणी मे महिन्यातच घ्यायला हवी.

शेजारच्या इगतपुरीतल्या भावली धरणातून गुरुत्वानं पाणी आणायची योजना यासाठीच महत्त्वाची. पंप नाही म्हणजे वीजबिलाची थकबाकी नाही. उगम उंचावर असला की निम्मे प्रश्न जन्मालाच येत नाहीत.

आकडेमोड

यावर एक जोड. डुफ्लो आणि पांडे यांनी भारतातल्या सिंचन धरणांचा जिल्हावार अभ्यास केला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत गरिबी घटली. धरण ज्या जिल्ह्यात, तिथे वाढली. शहापूरची धरणं पिण्याच्या पाण्याची, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण बुडीत एकाचं आणि पाणी दुसऱ्याचं, ही रचना तीच.

टाकी_कोरडी

बारवीचं उदाहरण त्यातल्या त्यात वेगळं. एमआयडीसीचं धरण, उंची वाढवली तेव्हा मुरबाडची गावं-पाडे उठले. तिथे पाणी उचलणाऱ्या संस्थांनी आपापल्या कोट्याच्या प्रमाणात प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या द्यायच्या, नको असेल त्याला रोख, असं ठरलं. जो पाणी पितो त्याच्यावर भार. भांडणं झाली, वर्षानुवर्षं लागली, तरी तत्त्व योग्य होतं. रस्त्याला हे लावून बघा. टोल भरणारा कोण आणि भराव सोसणारा कोण?

मोजणीदार

भूसंपादनाचं लिहितो. २०१३ चा कायदा कागदावर चांगला आहे. बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं घ्यायची, त्यातली जास्त भावाची निम्मी निवडून त्यांची सरासरी. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या दरम्यान गुणक, तो राज्य सरकार ठरवतं. त्यात झाडं, विहीर, घर यांची किंमत मिळवायची आणि वर तेवढंच दिलासा रक्कम म्हणून, शंभर टक्के. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर वर्षाला १२ टक्के.

चुकतं कुठे? पहिलं, मुद्रांक शुल्क वाचवायला लोक खरेदीखतात भाव कमी दाखवतात. तोच कमी भाव पुढे शेजाऱ्याच्या मोबदल्यात आडवा येतो. दुसरं, आदिवासी जमीन. ती बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, महसूल संहितेचं कलम ३६-अ. संरक्षण म्हणून हे हवंच. पण त्यामुळे त्या गटांत व्यवहारच नसतात, तुलनेला खरेदीखत सापडत नाही आणि भाव तळाचा धरला जातो. संरक्षणाचंच असं नुकसान होतं.

तिसरं, संयुक्त मोजणी. त्या दिवशी जे लिहिलं गेलं तेवढंच पुढे मोजलं जातं. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभाग करतो, इमारती लाकडाचं वन विभाग, घर-विहिरीचं बांधकाम विभाग. पंचनाम्यात 'आंबा ४' लिहिलं आणि झाडांचं वय नाही लिहिलं, तर चाळीस वर्षांचा आंबा आणि चार वर्षांचं कलम एकाच भावात जायची भीती. वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब त्या दिवशी गावात नसतं, त्याची खोपटी पंचनाम्यात येत नाही.

चौथं सगळ्यात महाग पडतं. निवाड्याचा धनादेश घेताना 'हरकत राखून' असं लेखी दिलं नाही, तर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागायचा हक्क जातो. एका ओळीचा अर्ज, पण तो त्याच दिवशी हवा. आणि संमतीनं थेट खरेदीखत करून दिलं असेल तर तो विषयच संपला. थेट खरेदीत पैसे लवकर आणि जास्त मिळतात, त्याचं मोल म्हणून हा हक्क सुटतो. दोन्ही बाजू माहीत असून सही केली तर हरकत नाही.

आता गरिबीशी थेट संबंध असलेली गोष्ट. २०१३ च्या कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे नुसता सातबाराधारक नाही. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर मुख्यतः पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी, वनहक्कधारक हेही आले. त्यांना नोकरी किंवा एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षं महिना किमान २,००० रुपये, विस्थापिताला वर्षभर महिना ३,००० निर्वाह भत्ता, वाहतुकीला ५०,००० अशी यादी आहे. पण थेट खरेदीत निवाडाच होत नाही, म्हणून ही यादी करायचा टप्पाच येत नाही. मालकाशी सौदा झाला, मजुराचं नाव कुणी विचारलंच नाही. 'पाचपट मोबदला' ही बातमी खरी असते. त्या शेतावर लावणी करणाऱ्या बाईला त्यातलं शून्य, हेही खरं असतं.

ओव्हरटेक

हे पटलं. माझा समज होता की थेट खरेदी सगळ्यांच्याच फायद्याची.

गाळा_नं_४

भिवंडीकडचं. मानकोली, काल्हेर, पूर्णा, वळ, राहनाळ, ओवळी, पडघ्यापर्यंत गोदामं. महामार्गाला चढ-उतार असल्यावर काय होतं त्याचं हे उदाहरण, म्हणून धागाकर्त्याच्या मुद्द्याचा दुसरा भाग इथे तपासता येतो. रोजगार आला का? आला. कुणाला, ते बघू.

तीन थर आहेत. जमीनमालक भाडं खातो, त्याची गरिबी संपली. मधला थर गाड्या, जेसीबी, कँटीन, पाण्याचे टँकर, सुरक्षारक्षक पुरवणारा, बहुतेक स्थानिक आणि बऱ्यापैकी सुस्थितीत. तिसरा थर माल उचलणारा, स्कॅन करणारा, पॅक करणारा. हा बहुतांश एजन्सीमार्फत, आणि त्यात उत्तर भारत, ओडिशा, मराठवाडा इथून आलेले खूप. दहा-पंधरा किलोमीटरवरचा कातकरी तिथे कमी दिसतो. का? दहावीचा कागद, आधारशी जुळलेलं खातं, हजेरीसाठी मोबाइल, रात्रपाळीला जायला गाडी. यांतलं एक जरी नसलं तरी नाव कटतं. शिवाय वीटभट्टीचा मालक पावसाळ्यात अंगावर उचल देतो. गोदामात पहिला पगार महिन्यानंतर. आषाढात घरात दाणा नसलेला माणूस उचल देणाऱ्याकडेच जाणार.

काम मिळालं तर काय तपासावं, तेही लिहितो. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक पहिल्या महिन्यातच मागून घ्यायचा आणि पासबुकात मालकाचा १२ टक्के हिस्सा दिसतो का बघायचं. एजन्सी वर्षातून दोनदा नाव बदलते, दर वेळी नवा यूएएन काढते, जुन्यातले पैसे अडकतात. म्हणून जुनाच क्रमांक द्यायचा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागतो, कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात. कापलेले दिसले आणि कार्ड मिळालं नाही, तर ते पैसे भरले गेलेत का ते विचारायचं. माथाडी मंडळाची नोंदणी असलेल्या ठिकाणी हमालाची मजुरी मंडळामार्फत येते, १९६९ च्या कायद्यानं. त्या नाक्यावरचा आणि एजन्सीच्या गोदामातला हमाल, दोघांचं काम तेच आणि आयुष्य वेगळं.

साडेबारा

नवी मुंबईशिवाय हा धागा पुरा होणार नाही. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० चं. ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि पहिली दोन दशकं मोबदला रोखीत. १६-१७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई–दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत.

प्रत्यक्षात हातात किती? साडेबारातून ३.७५ टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात, उरतात ८.७५. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्याचे ३५४. त्यावर दीड चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, ५३१ चौरस मीटर, साधारण ५,७०० चौरस फूट. बांधायला पैसा नसतो, बिल्डर निम्मं घेतो. २,८५० उरले. भूखंड मिळेपर्यंत मूळ खातेदार गेलेला, आठ वारस. प्रत्येकी साडेतीनशे चौरस फूट. एका एकराची गोष्ट ही. ज्यांची पाच गुंठे खाचरं होती त्यांचं तुम्हीच काढा.

आणि तेही मधे फाइल विकली नाही तर. पात्रता यादी, वारस दाखला, अंतर्गत वाद यांत वर्षं जातात. लग्न-आजारपण थांबत नाही. दलाल इसार देऊन फाइल घेतो आणि भूखंड निघाला की त्रिपक्षीय करारात नाव बदलतं. योजना चांगली होती. उशिरामुळे तिचा फायदा ज्याला थांबणं परवडतं त्याच्याकडे सरकला.

विमानतळाला २०१३ च्या पॅकेजमध्ये साडेबावीस टक्के मिळाले. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशी दहा गावं उठली. मधल्या ४० वर्षांच्या भांडणाचं हे फळ. पण टक्केवारी निघते जमिनीची. खाडीत हातानं खुबे, चिंबोऱ्या, निवट्या काढणाऱ्या बाईकडे ना सातबारा, ना बोटीची नोंदणी, ना मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व. भरपाईचा अर्ज नेमके हेच कागद मागतो. गावातल्या चाळीत भाड्यानं राहणारा क्वारी कामगारही तसाच. साडेबारा करा नाही तर साडेबावीस, शून्याचे टक्के शून्यच.

शेवळं_काकडं

सगळे मोठ्या प्रकल्पांवर. जिल्ह्यातल्या गरिबाला सगळ्यात जास्त पैसा मिळवून दिला तो १८५३ च्या रेल्वेनं, आणि आजही देते. कारण तिला दर काही किलोमीटरवर उतार आहे. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद. जूनच्या तोंडाला शेवळाच्या जुड्या आणि सोबत काकडं (त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे नवीन गिऱ्हाइकाला सांगावं लागतं) घेऊन ठाकूर-कातकरी बाया पहाटेच्या कसारा लोकलच्या लगेज डब्यातून कल्याण-ठाण्याला येतात. मधे ना दलाल, ना मंडी. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली तीच भाजी जीपवाल्याच्या भाड्यात अर्धी संपते.

अडतं ते पाडा ते स्टेशन या तीन किलोमीटरांवर. ग्रामसडक योजनेला आदिवासी भागात २५० लोकवस्ती लागायची, शंभर-दीडशेचे पाडे बाहेर. २०२३ च्या पीएम-जनमनमध्ये कातकरींसारख्या जमातींच्या १०० लोकवस्तीच्या पाड्यापर्यंत रस्ता देता येतो, म्हणून त्याची यादी पंचायतीत बघून ठेवा. यादीत पाड्याचं नाव गावठाणाच्या नावाखाली बुडालेलं असतं, ही नेहमीची चूक.

आणि रस्ता झाल्यावर गटार. पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे, मग जिल्हा परिषदेकडे. कडेचं गटार मातीनं बुजलं की पाणी डांबराखाली शिरतं आणि सहाव्या पावसाळ्यात कड तुटायला लागते. गटार उपसायचं काम रोजगार हमीत बसतं का ते पंचायतीत विचारायचं, बसत असेल तर मे महिन्यात मागणी अर्ज द्यायचा. वर्षाला दहा मजुरांचे चार दिवस पुरतात. एवढ्यासाठी रस्ता जातो याचं वाईट वाटतं.

खाडीपल्याड

उत्तम प्रतिसाद. पुढचे प्रकल्प रांगेत आहेतच, तर आखणी ठरायच्या आधी गावानं काय मागायचं ते जोडतो. शहापूर पूर्ण आणि भिवंडी-मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) याखाली संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक, गौण खनिजालाही (मुरूम, दगड) ग्रामसभेची शिफारस लागते. ही दोन हत्यारं नुसत्या 'विरोध' ठरावात वाया घालवू नयेत.

ठरावात मोजमाप लिहा. भुयारी मार्गाची उंची पेंढा रचलेला ट्रक जाईल एवढी, आणि तळ शेतापेक्षा खाली नको, नाही तर चार महिने तळं. मोऱ्यांच्या जागा पावसाळ्यात ठरवा, जुलैत शिवारफेरी काढून जिथे पाणी बांध ओलांडतं तिथे खुणेचा खांब रोवा, फोटो काढा, नकाशा ठरावाला जोडा. सेवा रस्ता सलग मागा, तुकड्यांत नको.

मुरमाचं खास. भरावाला लाखो घनमीटर मुरूम लागतो आणि तो आसपासच्या टेकड्या खणून आणतात. मागे उभ्या कड्यांचे खड्डे उरतात, त्यात पावसाळ्यात पोरं-गुरं बुडतात. तोच मुरूम तलाव खोदून द्यायचा, हे बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामात झालेलं आहे. एक हेक्टर, तीन मीटर खोल म्हणजे ३०,००० घनमीटर मुरूम ठेकेदाराला आणि तीन कोटी लिटरची साठवण गावाला. वर @टाकी_कोरडी यांनी मांडलेल्या पाड्याला रोज २२,००० लिटर लागतात. बाष्पीभवन आणि मुरणं यांत दोन तृतीयांश गेलं असं धरलं, तरी एक कोटी लिटर म्हणजे ४५० दिवस. अट एकच, उतार १:२ ठेवायचा आणि जागा पाड्यापेक्षा वरच्या अंगाला.

टाकी_कोरडी

बेसॉल्टात तीन मीटर मुरूम सगळीकडे मिळत नाही. आधी चार ट्रायल खड्डे. दोन मीटरवर कातळ लागला तर क्षेत्र दीडपट करा.

नवखा_२३

प्रश्न. राष्ट्रीय महामार्गाच्या अधिसूचनेत गट नंबर चुकला असेल, किंवा घर दाखवलंच नसेल, तर हरकत कुठे आणि किती दिवसांत?

मोजणीदार

राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ३-अ ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवस, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा उपविभागीय अधिकारी. २०१३ च्या कायद्याखाली असेल तर ६० दिवस. सोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, घराचा नमुना ८ चा उतारा, वीजबिल. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मोजणीची क प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून वेगळी मागा, तिच्यावर घर दिसतं का बघा. २१ दिवस राजपत्रातल्या तारखेपासून मोजा. चावडीवर कागद लागतो तोवर त्यातले आठ-दहा गेलेले असतात.